रत्नागिरीत ऑफिस सुटल्यावर समुद्रावर चालायचं: वारा, भरती आणि उजेड यांचा मेळ कसा घालायचा?

नवा_रत्नागिरीकर

ऑफिस जयस्तंभाजवळ आहे, सहाला सुटतं. साडेसातपर्यंत घरी पोचायचं असतं, म्हणजे जाणं-येणं वगळून हातात तीस-चाळीस मिनिटं उरतात. रोज तेवढं समुद्रावर चालायचं ठरवलंय. स्कूटर आहे, त्यामुळे मांडवी, भाट्ये, पांढरा समुद्र, रत्नदुर्ग यांपैकी कुठेही जाता येतं.

अडचणी अशा. भाट्याला जाताना पाय हलके पडतात आणि येताना वारा पुढे सरकू देत नाही. एखाद्या दिवशी लांबरुंद वाळू मिळते, तर आठ दिवसांनी त्याच वेळेला चालायला जेमतेम पट्टा शिल्लक असतो. नोव्हेंबरात सहाला निघालं की वाळूवर पोचेपर्यंत सूर्य गेलेला असतो. पोटऱ्या दुखतात. चष्म्यावर चिकट थर बसतो.

जाणकारांनी नीट हिशेब सांगावा. कुठल्या दिवशी कुठे जायचं, कुठून सुरुवात करायची, काय टाळायचं? ‘समुद्रावर छान वाटतं’ हे माहीत आहे, त्याच्या पुढचं हवं आहे.

सुरूबन

तुमची वेळ ऑफिसने बांधली आहे, ती हलणार नाही. मग जागा हलवायची. रोज एकाच किनाऱ्यावर जायचा हट्ट धरला तर महिन्यातले निम्मे दिवस त्रासाचे जातील. दुपारी चहाच्या वेळेला तीन गोष्टी बघा: आज ओहोटी किती वाजता, वारा कुठून आणि किती, सूर्य कधी मावळतो. त्यावरून जागा ठरवा.

आधी उजेडाचं सांगतो, कारण तो पक्का असतो. रत्नागिरीत सूर्यास्त सगळ्यात लवकर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात होतो, सहाच्या आसपास. दिवस सगळ्यात लहान डिसेंबरात असला तरी संध्याकाळ त्याच्या आधीपासूनच थोडी थोडी लांबायला लागते. जानेवारीच्या मध्यात सूर्यास्त सहा-वीसला, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पावणेसातच्या पुढे, मेच्या मध्यात सातला आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातला. सूर्य बुडाल्यावर पायाखालचं दिसण्याइतका उजेड आपल्याकडे वीस-बावीस मिनिटं टिकतो. त्यानंतर अंधार झपाट्याने पडतो.

म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेर वाळू तुमची. नोव्हेंबर ते जानेवारी वाळूवर पंधरा मिनिटं आणि उरलेलं चालणं मांडवीला दिव्यांच्या रस्त्यावर, किंवा पूर्णच रस्त्यावर. अंधारात वाळूवर मोबाइलच्या टॉर्चने चालणं मला पटत नाही. टॉर्चचा झोत पडतो तेवढंच दिसतं, बाजूने येणारी लाट दिसत नाही.

भाट्याचा किनारा सुमारे दीड किलोमीटरचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन-येऊन तीन किलोमीटर होतात. ओल्या घट्ट वाळूवर ताशी पाच किलोमीटरचा वेग धरला तर छत्तीस मिनिटं, म्हणजे तुमच्या वेळेत बरोबर बसतं. पण हे ओहोटी असेल तरच. भरतीला वरची सुकी वाळू तुडवावी लागते आणि तेच अंतर पन्नास मिनिटांवर जातं.

मतलई

वाऱ्याबद्दल. फेब्रुवारी ते मे संध्याकाळी येतो तो खारा वारा, वायव्येकडून. दुपारी दोन ते पाच त्याचा जोर असतो, सूर्य कलला की उतरत जातो. जमीन तापली की वरची हवा हलकी होऊन चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. जमीन निवायला लागली की ओढही कमी होते. म्हणून सहाला पोचून लगेच सुटण्यापेक्षा दहा मिनिटं सुरूच्या झाडांच्या आडोशाला थांबलात, बूट आवळले, पाणी प्यायलात, तर वारा बऱ्यापैकी पडलेला मिळतो.

भाट्याला परतताना वारा अंगावर येतो याचं कारण तुमची सुरुवातीची जागा. पुलाच्या बाजूने उतरून दक्षिणेकडे चालत गेलात तर वायव्येचा वारा पाठीशी, आणि दमल्यावर परतताना तोच तोंडावर. उलटं करा. स्कूटर पावस गावाच्या रस्त्याने पुढे दक्षिण टोकाला, झरीविनायकाच्या देवळाच्या बाजूला न्या आणि तिथून पुलाकडे चाला. ताजे असताना वाऱ्याला तोंड द्याल, येताना वारा पाठीशी. शिवाय येताना घाम आलेला असतो. पाठीवरचा वारा सुसह्य वाटतो, छातीवर आला की थंडीच्या दिवसांत हुडहुडी भरते.

पुलाच्या टोकाला खाडीच्या मुखापाशी मात्र वळा, अगदी पाण्याच्या कडेला जाऊ नका. काजळी नदीचं पाणी ओहोटीला तिथून जोरात बाहेर पडतं आणि समोरून वाऱ्याच्या लाटा येतात. दोन्ही भिडतात तिथे पाणी उसळतं आणि तळाची वाळू सतत जागा बदलते. काल घोट्याएवढं पाणी होतं तिथे आज कमरेएवढं असू शकतं.

वेगाचा अंदाज. ताशी वीस किलोमीटरच्या पुढे सुकी बारीक वाळू पायाशी वाहायला लागते. तीसच्या पुढे समुद्रभर पांढरे फेस दिसतात आणि वाळू गुडघ्याच्या वर उडते. चाळीसला छत्री धरता येत नाही. पन्नासच्या पुढे चालणंच जड जातं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा दाब चौपट होतो, त्यामुळे पंधरा आणि तीस यांतला फरक आकड्यांत वाटतो त्याहून फार मोठा असतो. ॲपमध्ये वाऱ्याचा सरासरी वेग आणि झोताचा वेग असे दोन आकडे असतात. निर्णय झोताच्या आकड्यावर घ्या. आणि एकक बघा, बऱ्याच ठिकाणी नॉट असतं. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.

वाळू उडत असेल तर ओल्या पट्ट्यावर चाला, ओली वाळू उडत नाही. तो पट्टाच नसेल, म्हणजे भरती आणि वारा दोन्ही असतील, तर त्या दिवशी वाळूचा नाद सोडून मांडवीला जा. मांडवी रत्नदुर्गाच्या दक्षिणेला आहे. किल्ल्याचं टेकाड समुद्रात पुढे आलेलं असल्यामुळे वायव्येचा वारा तिथे थोडा अडतो. किल्ल्याच्या बाजूला जितकं जाल तितका आडोसा जास्त.

भांगाची_भरती

आठ दिवसांनी वाळू गायब होते याचं उत्तर पंचांगात आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, भरती सगळ्यात उंच आणि ओहोटीही सगळ्यात खोल. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही.

जुनी रीत अशी: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ तासांत मिळते. अष्टमी म्हणजे आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता भरती. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, दोन्ही. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे अष्टमीला तुम्ही पोचता तेव्हा पाणी वर, आणि पौर्णिमेला सव्वाअकराला भरती धरली तर सव्वापाचला ओहोटी, सहाला वाळू मोकळी. तुमच्या आठ दिवसांचा उलगडा झाला. पौर्णिमा आणि अमावास्या या बाबतीत सारख्याच. फरक इतकाच की पौर्णिमेला सूर्य मावळता मावळता पूर्वेकडून चंद्र वर येतो आणि चालणं अर्धा तास लांबवता येतं.

जांभा_दगड

@भांगाची_भरती, रीत उपयोगी आहे, पण जशीच्या तशी वापरली तर पंधरवड्याच्या सुरुवातीला फसवते. अमावास्येला तुमच्या हिशेबाने भरती सव्वाअकराला, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला? एक त्रिक तीन भागिले चार, म्हणजे पाऊण वाजता. एका दिवसात दीड तासाचं अंतर. पाणी असं उडी मारत नाही, रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. पाऊणपटीने पंधरा तिथ्यांत सव्वाअकराच तास भरतात, आणि खरं चक्र बारा तासांचं आहे. तो पाऊण तासाचा फरक कुठेतरी निघणारच.

दुसरं, भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. रत्नागिरीत भरती मुंबईच्या साधारण पाऊण-एक तास आधी येते. त्यामुळे मुंबईचं कोष्टक बघून भाट्याला गेलात तर पोचेपर्यंत पाणी फिरलेलं असतं.

रत्नागिरीसाठी सोपी पद्धत अशी: पौर्णिमा किंवा अमावास्येला भरती अकराच्या सुमारास धरा आणि पुढच्या प्रत्येक तिथीला ४८ मिनिटं मिळवा. प्रतिपदेला पावणेबारा, द्वितीयेला साडेबारा, तृतीयेला सव्वा ते दीड, पंचमीला तीन, अष्टमीला साडेपाच, दशमीला सात. ओहोटी त्याच्या सव्वासहा तास आधी किंवा नंतर. मग दिसेल की सहा-सातच्या दरम्यान ओहोटी येते ती प्रतिपदा आणि द्वितीयेला. शुद्ध असो की वद्य, हे तुमचे भाट्याचे सगळ्यात उत्तम दिवस. पौर्णिमेलाही चालेल, पण तेव्हा सहाला पाणी परत फिरलेलं असतं, रमायचं नाही. तृतीया ते पंचमी पाणी उतरत असतं, तेही चांगलं. सप्तमी ते एकादशी वाळू विसरा, मांडवीचा रस्ता किंवा किल्ला. द्वादशीपासून संध्याकाळचं पाणी थोडं खाली मिळतं, पण ते चढतं असतं, तेव्हा लहान फेरी.

हाही अंदाजच. भांगाच्या दिवसांत रोजचा फरक तासाच्या वर जातो, उधाणाला चाळीस मिनिटांवर येतो. तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली की हिशेब आणखी सरकतो. महिन्यातून एकदा रत्नागिरीचं छापील किंवा ॲपमधलं कोष्टक बघून ताळा करा. कोष्टकात भरतीची उंची मीटरमध्ये असते, तीही बघा. एका दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात.

चढत्या पाण्याबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण इथे लोक फसतात. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं. उधाणाला इथे चढ-उतार दोन मीटरच्या वर असतो. समजा २.४ मीटर धरला, तर मधल्या दोन तासांत १.२ मीटर. वाळूचा उतार तीसास एक असेल तर पाणी छत्तीस मीटर आत येतं. जाताना जिथून खडक ओलांडला तिथे येताना पाणी असतं ते यामुळे. म्हणून चढत्या पाण्यात टोकाच्या खडकांना वळसा घालून पलीकडे जायचं नाही, मग पलीकडची वाळू कितीही सुंदर दिसो.

नवा_रत्नागिरीकर

सुरुवातीची जागा बदलायची हे सुचलंच नव्हतं, आणि तिथीचा हिशेब तर कॅलेंडरवरच लिहून ठेवतो. पोटऱ्यांचं आणि चपलांचं कोणी सांगेल का? वाळूवर अनवाणी चालणं चांगलं म्हणतात. आणि पावसाळ्यात काय करायचं?

करवंटी

सुक्या वाळूवर चालायला कठीण जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त ताकद लागते. प्रत्येक पावलाला टाच खाली रुतते, मग पोटरीला ती वर खेचावी लागते. त्यात वाळू मागे सरकते, म्हणजे लावलेला जोर वाया जातो. पोटऱ्या आणि टाचेच्या वरची शीर दुखते ती याने. पहिले दोन आठवडे सुक्या वाळूवर एका वेळी पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त नको, बाकी सगळं ओल्या घट्ट पट्ट्यावर. घट्ट पट्टा ओळखायचा असा: पाऊल टाकल्यावर भोवतीची वाळू क्षणभर सुकल्यासारखी फिकट दिसते आणि ठसा अर्ध्या इंचाहून खोल जात नाही. पाणी साचून चकाकणारी वाळू मऊ असते, ती सोडा.

ओला पट्टा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने लांब चाललात तर समुद्राकडचा पाय सतत खालच्या पातळीवर पडतो, कंबर तिरकी होते आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दुखतं. म्हणून ज्या रेषेने गेलात त्याच रेषेने परत या, दोन्ही पायांना सारखा वाटा मिळतो. येताना वरच्या सपाट वाळूने येणाऱ्यांचं एकाच बाजूचं दुखणं राहतं ते यामुळे.

अनवाणी चालणं चांगलं, पण जागा बघून. मासेमारीच्या होड्या लागतात तिथे गळ, तारांचे तुकडे, जाळ्याच्या गाठी असतात. मिरकरवाड्याच्या बाजूला अनवाणी नकोच. खडकांवर कालवं असतात, त्यांची कड ब्लेडसारखी कापते आणि ती जखम चिघळते. कापलंच तर स्वच्छ गोड्या पाण्याने भरपूर धुवा, आत कपचा राहिला नाही ना बघा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर डॉक्टरांकडे जा. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालू नये, पायाला लागलेलं कळत नाही.

चप्पल म्हणजे मागे पट्टा असलेली रबरी सँडल. नुसती अंगठ्याची चप्पल ओल्या वाळूत चिकटते आणि मागून वाळूचे फवारे पाठीवर उडवते. बूट घालायचे तर जाळीचे नकोत, बारीक वाळू जाळीतून आत जाते आणि मोज्यात बसून कातडी सोलते. घरी आल्यावर सँडल गोड्या पाण्याने धुवून सावलीत सुकवा. पट्ट्याच्या बकलला मीठ राहिलं की गंज चढतो.

पावसाच्या आगेमागे किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, काळे, चिकट, सुपारीएवढ्यापासून मुठीएवढे. तळव्याला लागले तर साबणाने निघत नाहीत. खोबरेल तेल चोळा, पाच मिनिटं थांबा, कापडाने पुसा, मग साबण. रॉकेल लावू नका, कातडी जळजळते.

पावसाळ्यात वाळूवर निळसर फुग्यासारखे जीवही वाहून येतात, त्यांच्या खाली लांब निळे दोरे असतात. मेलेले दिसले तरी ते दोरे डंख मारतात. लागलंच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोडं पाणी ओतू नका, त्याने उरलेले डंख फुटतात. दोरे चिमट्याने किंवा काडीने काढा, वाळूने घासू नका. मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीस मिनिटं ठेवा. श्वास लागला, छातीत जड वाटलं तर थेट दवाखाना.

मतलई

पावसाळ्याचं मी सांगतो. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वारा नैर्ऋत्य आणि पश्चिमेचा होतो आणि वर सांगितलेलं सगळं उलटतं. मांडवी थेट त्याच्या तोंडावर येते, उधाणाच्या भरतीला लाटा कठड्यावरून आत येतात. किल्ल्याचा आडोसा मिळतो तो उत्तरेला, भगवती बंदराच्या अंगाला. पण तिथेही लाटा बघत कडेला उभं राहायचं नाही.

या दिवसांत मी वाळू पूर्ण बंद करायला सांगेन. थिबा पॅलेसच्या परिसरात पठारावर चाला, तिथल्या पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि समुद्र दोन्ही दिसतात आणि पायाखाली डांबरी रस्ता असतो. किल्ल्याचा चढ कोरड्या दिवसांत पायांना उत्तम व्यायाम, पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. हिरवं दिसतं ते तर निसरडं असतंच, काळं आणि ओलं असेल तेही तितकंच निसरडं असतं. चढताना पाय धरतो, उतरताना सटकतो.

हवामान खात्याच्या मच्छीमारांसाठीच्या सूचनेत ‘वारे ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५’ असं आलं किंवा बंदरात तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला, की किनारा वर्ज्य. लाटांचा इशारा वेगळा असतो, तो हैदराबादच्या महासागर माहिती सेवा केंद्राकडून येतो. वारा नसतानाही दूरच्या समुद्रातल्या वादळाच्या लाटा इथे पोचतात, आकाश निरभ्र असतं आणि अचानक पाणी वरपर्यंत येतं. म्हणून नुसतं आकाश बघून भागत नाही.

मेचा उत्तरार्ध शांत समजू नका. तौक्ते वादळ २०२१ च्या मेमध्येच याच किनाऱ्याजवळून गेलं. आणि मे, सप्टेंबर, ऑक्टोबर या महिन्यांत संध्याकाळी सह्याद्रीच्या बाजूने ढग चढून विजा होतात. मोकळ्या वाळूवर सगळ्यात उंच तुम्हीच असता. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीसच्या आत आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, निघा. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं वाळूवर परत यायचं नाही. सुरू किंवा माडाखाली थांबायचं नाही, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसायचं. स्कूटरवर बसून राहणं म्हणजे आडोसा नव्हे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर ठेवा, जवळपासच्या विजेची सूचना देतं.

सुरूबन

स्कूटरचं राहिलं. नारळाखाली लावू नका, वाऱ्यात वाळकी झावळी किंवा नारळ पडतो आणि सीट फाटते, डोक्यावर पडला तर जीवावर बेतेल. वाळूवर साइड स्टँड रुततो आणि गाडी हळूहळू कलंडते, स्टँडखाली चपटा दगड किंवा फळीचा तुकडा ठेवा. गाडी डावीकडे कललेली असते, त्यामुळे तिची उजवी बाजू वाऱ्याकडे करा. वारा तिला स्टँडवर दाबून धरतो. डावी बाजू वाऱ्याकडे असली तर जोराचा झोत तिला उचलून उजवीकडे पाडतो. जोर फार असेल तर सरळ मेन स्टँड. आणि भरतीची रेषा बघून तिच्या वर लावा. सुकलेलं शेवाळ, शिंपले, प्लास्टिक यांची किनाऱ्याला समांतर ओळ दिसते, पाणी शेवटचं तिथवर आलेलं असतं. उधाण जवळ येत असेल तर आजचं पाणी कालच्या ओळीच्या वर जातं, हे धरून चाला.

आठवड्यातून दोनदा गाडी गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः चाकांच्या आतली बाजू, सायलेन्सर आणि स्टँडची स्प्रिंग. जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका, मीठ आत ढकललं जातं.

चष्म्याचा थर म्हणजे लाटांच्या तुषारांतलं मीठ. तो सुक्या रुमालाने पुसलात तर मिठाचे कण आणि बारीक वाळू काचेवर घासली जाते, चरे पडतात. आधी पाणी ओतून मीठ विरघळू द्या, मग मऊ कापड. छोटी पाण्याची बाटली यासाठी वेगळी ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर वाऱ्याच्या दिवशी काढून चष्मा लावा, लेन्सखाली गेलेला कण बुबुळाला ओरखडा काढतो. मोबाइल ओलसर कापडाने पुसा, चार्जिंगच्या भोकात ओल असताना चार्जर लावू नका.

प्यायला अर्धा लिटर पाणी पुरे. मार्च-एप्रिलमध्ये वाऱ्यामुळे घाम लगेच उडून जातो आणि आपल्याला घामच येत नाही असं वाटतं, पण अंगातलं पाणी जातच असतं. चालणं संपल्यावर चिमूटभर मीठ घातलेलं कोकम सरबत घ्या.

जांभा_दगड

दोन गोष्टी राहिल्या.

नोव्हेंबर ते मार्च कासवं वाळूवर अंडी घालायला येतात. गावखडी, आंजर्ले, वेळास ही नावं लोकांना माहीत आहेत, पण कासव नाव बघून किनारा निवडत नाही. समुद्रातून वर आणि परत खाली असे रुंद, ट्रॅक्टरच्या चाकासारखे ठसे दिसले तर त्यांच्यावरून चालू नका, वर उकरलेली जागा दाबू नका, फोटोसाठी प्रखर उजेड टाकू नका. वनविभागाला १९२६ वर कळवा आणि जागेची खूण नीट सांगा: कुठल्या पायवाटेपासून किती पावलं, भरतीच्या रेषेच्या वर की खाली. खाली असेल तर घाई महत्त्वाची, पुढच्या उधाणाला घरटं बुडतं.

आणि कुत्री. किनाऱ्यावरची टोळकी दिवेलागणीला आपली हद्द राखायला लागतात. पळायचं नाही, थांबायचं, तोंड त्यांच्याकडे ठेवून पाण्याच्या बाजूने हळू सरकायचं. ओल्या पट्ट्यापर्यंत ती सहसा पाठलाग करत नाहीत. हातात काठी असावी, उगारायला नव्हे, तुमच्या आणि त्यांच्यामध्ये अंतर ठेवायला. एकट्याने जाणाऱ्यांनी कुठे आणि किती वाजेपर्यंत हे घरी सांगून निघावं. अडचण आली तर ११२.

नवा_रत्नागिरीकर

सगळं उतरवून घेतलं. एकच शंका: द्वितीयेला ओहोटी पावणेसातला म्हणजे उत्तम, पण डिसेंबरात तोवर अंधार. मग तो दिवस वाळूचा की रस्त्याचा?

जांभा_दगड

वद्य द्वितीया असेल तर सूर्यास्तानंतर दीड-दोन तासांनी चंद्र येतो, तुमच्या कामाचा नाही. शुद्ध द्वितीयेला पश्चिमेला कोर असते, तिचा उजेड पुरत नाही. त्यामुळे डिसेंबरात ओहोटी कितीही चांगली असली तरी आधी उजेड बघा. सहाला सुटून सहा-दहाला किनाऱ्यावर पोचलात तर झरीविनायकाकडून आठ मिनिटं जायचं, आठ मिनिटं यायचं, साडेसहाच्या आत वाळू सोडायची. उरलेली वीस मिनिटं मांडवीला येऊन दिव्यांखाली. शनिवारी ऑफिस लवकर सुटत असेल तर त्या दिवसासाठी चतुर्दशी आणि पौर्णिमा राखून ठेवा, ओहोटी साडेचार ते सव्वापाचला मिळते आणि ऊनही उतरलेलं असतं.